पाण्यात खोल, रस्त्यावर उथळ : मोटारीमागून जाणाऱ्या शिडाच्या होडीचा इतिहास

शिडाची छोटी होडी कशी असावी, हा प्रश्न आपण एखाद्या मुरलेल्या खलाशाला विचारला तर तो सांगेल : होडीचा तळ पाण्यात चांगला खोल असावा, तळाशी भरपूर वजन असावे, रुंदी ऐसपैस असावी आणि डोलकाठी उंच व पक्की असावी. हाच प्रश्न ती होडी ट्रेलरवर चढवून मोटारीमागून ओढत नेणाऱ्या माणसाला विचारला तर उत्तर नेमके उलट येईल. तळ उथळ असावा, वजन कमीत कमी असावे, रुंदी रस्त्याच्या एका पट्ट्यात मावेल इतकीच असावी आणि डोलकाठी तर चक्क आडवी असावी!

एकाच वस्तूने या दोन्ही मागण्या पुऱ्या करायच्या, तर काहीतरी युक्ती हवी. अशा युक्त्या दोनशे-अडीचशे वर्षे निघत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतून एक नवी होडी तयार झाली. आठवडाभर घराच्या अंगणात उभी राहणारी, सुटीच्या सकाळी मोटारीमागून निघणारी, दुपारी सरोवरात किंवा खाडीत शीड उभारून चालू लागणारी आणि रात्री तीन-चार माणसांना आपल्या पोटात झोपायला जागा देणारी. अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया या देशांत अशा हजारो होड्या बांधल्या गेल्या. बंदरात जागा भाड्याने घेण्याची ऐपत नसलेल्या शिक्षकांना, कारकुनांना, कारागिरांना त्यांनी समुद्र खुला करून दिला. या होडीच्या रचनेत तरफ, परिबल, उत्प्लावक बल, घनफळ आणि क्षेत्रफळ हे आपण वर्गात शिकवतो ते सारे विषय एकत्र भेटतात. आणि त्यांतला एखादा दुर्लक्षिला तर काय घडते, हेही दिसते.

होडी उलटत का नाही?

तरंगणाऱ्या होडीवर दोन बले काम करतात. तिचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते आणि पाण्याचे उत्प्लावक बल वर ढकलते. हे दुसरे बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून जाते. होडी एका बाजूला कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो. कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि उत्प्लावनाचा मध्य त्या बाजूला सरकतो. आता वजन व उत्प्लावन एका रेषेत राहत नाहीत. दोघे मिळून होडीला फिरवू लागतात. हे फिरवणे होडीला सरळ करणारे असेल तर होडी स्थिर, अन्यथा ती उलटणार.

ही गोष्ट गणिताने प्रथम नीट मांडली ती फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बूगेर यांनी, १७४६ साली प्रसिद्ध झालेल्या जहाजविषयक ग्रंथात. किंचित कललेल्या जहाजाच्या उत्प्लावनाची रेषा मूळ मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूला त्यांनी 'मेटासेंटर' हे नाव दिले. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर जहाज सावरते, वर असेल तर कलंडते. याआधी जहाजबांधणी केवळ अनुभवावर चाले आणि अनुभव कधी कधी दगा देई. स्वीडनचे 'वासा' हे प्रचंड युद्धनौका १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदरापासून दीड किलोमीटरही न जाता, वाऱ्याच्या साध्या झुळकेने कलंडून बुडाली. वरचा भाग जड आणि तळाचे वजन अपुरे, हे त्याचे कारण.

होडीला स्थैर्य देण्याचे मार्ग दोन. पहिला रुंदीचा. रुंद होडी कलली की उत्प्लावनाचा मध्य लांब सरकतो आणि सावरणारे परिबल मोठे होते. आपल्या कोकणातील होडीला बाजूने बांधलेली उलांडी याच तत्त्वावर काम करते. होडीची रुंदी न वाढवता तिचा आधार रुंद केला जातो. दुसरा मार्ग तळाशी वजन ठेवण्याचा. या वजनाला मराठीत नीरम म्हणतात. पूर्वी गलबतांत दगड, वाळू भरीत. नंतर लोखंड किंवा शिसे थेट होडीच्या खाली, खोल कण्याला जोडण्याची पद्धत आली. वजन जितके खाली तितका सावरण्याचा जोर अधिक.

आता एक गंमत पाहू या. होडीची प्रत्येक मिती दुप्पट केली तर शिडाचे क्षेत्रफळ चौपट होते, शिडाची उंची दुप्पट होते, म्हणजे त्याच वाऱ्यात होडीला कलवणारे परिबल आठपट होते. पण होडीचे वजन घनफळाप्रमाणे आठपट होते आणि सावरणाऱ्या परिबलाची भुजा दुप्पट, म्हणजे सावरणारे परिबल सोळापट होते! कलवणारे परिबल लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढते, तर सावरणारे चौथ्या घाताने. उलट बाजूने वाचले तर याचा अर्थ असा, की मोठ्या होडीची निम्म्या मापाची हुबेहूब प्रतिकृती केली तर ती मूळ होडीच्या मानाने निम्मीच खंबीर राहील. जी होडी लहान, तिला नीरमाची गरज अधिक. आणि रस्त्यावरून न्यायची म्हणून वजन कमी ठेवायचे तेही याच लहान होडीचे. साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

वर-खाली होणारी फळी

खोल कण्याचे दुसरेही एक काम असते. वारा बाजूने येत असताना शिडावर जे बल पडते त्याचा बराच भाग होडीला आडवे ढकलणारा असतो. पाण्याखाली मोठा उभा पृष्ठभाग असेल तर तो या आडव्या सरकण्याला विरोध करतो आणि होडीला पुढचीच वाट मोकळी राहते. ओल्या साबणाची वडी दोन्ही तळव्यांत दाबली की ती पुढे निसटते, तसेच काहीसे. शीड एका बाजूने आणि पाण्यातील फळी दुसऱ्या बाजूने दाबते, आणि होडी वाऱ्याच्या तिरक्या विरुद्ध दिशेनेही पुढे जाते. फळी नसेल तर ती पानासारखी वाऱ्याबरोबर वाहत जाईल.

पण ही फळी कायमची खाली असेल तर उथळ पाण्यात होडी रुतते. यावर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांनी फार पूर्वी उपाय काढला होता. बाल्सा लाकडाच्या ओंडक्यांमधील फटींतून ते उभ्या फळ्या पाण्यात सोडत. त्यांना 'ग्वारा' म्हणत. पुढची फळी खाली, मागची वर, असे बदल करून ते तराफ्याची दिशाही बदलत. या ग्वारांचे तपशीलवार वर्णन युरोपला मिळाले ते १७४८ साली, होर्हे ह्वान आणि अंतोनियो दे उयोआ या दोन स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या लेखनातून. पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी विषुववृत्तावर जी फ्रेंच मोहीम गेली होती तिच्याबरोबर ते होते, आणि मेटासेंटरवाले बूगेर हेही त्याच मोहिमेतले! स्थैर्याचे गणित आणि सरकत्या फळीची युक्ती, दोन्ही एकाच प्रवासातून युरोपच्या वाचकांपुढे आली.

हॉलंडच्या उथळ पाण्यातील नावांनी वेगळी वाट धरली होती. त्यांच्या दोन्ही कुशींना माशाच्या परांसारख्या फळ्या टांगलेल्या असत आणि वाऱ्याखालच्या बाजूची फळी पाण्यात सोडली जाई. ब्रिटिश आरमारातील जॉन शँक या अधिकाऱ्याने १७७४ साली बॉस्टन येथे होडीच्या मधोमध उभी खाच ठेवून तिच्यातून वर-खाली सरकणारी फळी बसवली. त्याच पद्धतीच्या तीन फळ्या असलेले 'लेडी नेल्सन' हे छोटे जहाज १७९८ मध्ये बांधले गेले. उथळ पाण्यात शिरण्याच्या क्षमतेमुळे त्याला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याच्या पाहणीसाठी पाठवण्यात आले आणि १८०० साली ते बास सामुद्रधुनीतून गेले.

सरळ सरकणाऱ्या फळीत एक दोष होता. ती खडकावर आदळली की मोडे किंवा अडकून बसे. अमेरिकेतील न्यू जर्सी येथील स्वेन कुटुंबातील तिघांना १८११ साली जे पेटंट मिळाले त्यात फळी एका खिळीभोवती फिरणारी होती. खाली काही आदळले की ती आपोआप मागे दुमडून वर येई. आजच्या बहुतेक ट्रेलरवरच्या होड्यांत या फिरत्या फळीचेच वंशज आहेत.

रेल्वेने गेलेली होडी

होडीने पाण्यावरच प्रवास केला पाहिजे असे नाही, हे लोकांना पटवून देणारा माणूस म्हणजे जॉन मॅकग्रेगर हा स्कॉटिश वकील. १८६५ साली त्याने 'रॉब रॉय' नावाची होडी बांधून घेतली. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, वजन ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलोग्रॅम. वल्हे, छोटेसे शीड आणि थोडे सामान घेऊन तो युरोपातील नद्या व सरोवरांतून फिरला. जिथे पाणी संपे तिथे होडी रेल्वेत चढे, नाहीतर बैलगाडीत किंवा हमालाच्या खांद्यावर. पुढच्याच वर्षी त्याने या प्रवासावर लिहिलेले पुस्तक अतिशय लोकप्रिय झाले. १८६७ साली २१ फुटांच्या, आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या दुसऱ्या होडीतून तो एकटा पॅरिसला जाऊन आला. पहिली होडी रस्त्याने नेता येण्याजोगी पण निवारा नसलेली, दुसरी निवारा असलेली पण रस्त्याने न नेता येणारी. या दोन होड्यांचा मिलाफ होण्यास आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

ही नव्वद वर्षे कशाची वाट पाहण्यात गेली? मुख्यतः तीन गोष्टींची. पहिली, सामान्य माणसाच्या मालकीची मोटार आणि चांगले रस्ते. दुसरी, होडीच्या मागच्या बाजूला अडकवता येईल असे हलके इंजिन. ओल एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ पासून असे इंजिन बाजारात आणले आणि वारा पडला तरी घरी परतण्याची हमी मिळाली. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हलके, पाणी न शिरणारे साहित्य.

लाकडी फळ्या जोडून बांधलेली होडी पाण्यात असते तोवर लाकूड फुगून तिच्या फटी मिटलेल्या राहतात. ती आठवडाभर उन्हात ट्रेलरवर ठेवली की लाकूड आकसते, फटी उघडतात आणि रविवारी पाण्यात सोडताच ती गळू लागते. दुसऱ्या महायुद्धात विमानबांधणीसाठी पाण्याला न जुमानणारे कृत्रिम गोंद सुधारले गेले, त्यांतून टिकाऊ प्लायवुड मिळाले. प्लायवुडच्या अखंड पत्र्यांना फटीच नसतात. न्यूझीलंडचे रिचर्ड हार्टली यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात सुमारे १६ फुटांची प्लायवुडची एक होडी आखली. तिला फिरती फळी होती, पुढे लहानशी केबिन होती आणि घरच्या घरी ती बांधता येत असे. 'ट्रेलर-सेलर' या प्रकाराची सुरुवात अनेकजण या होडीपासून मानतात. इंग्लंडच्या वाइट बेटावर स्टॅन्ली स्मिथ यांनी १९६० च्या सुमारास 'वेस्ट वाइट पॉटर' ही १४ फुटांची केबिनवाली होडी काढली. हे स्मिथ म्हणजे १९४९ साली आपल्या भावासह अवघ्या २० फुटांच्या होडीतून अटलांटिक महासागर ओलांडणारे गृहस्थ. लहान होडीत काय हवे नि काय नको, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

प्लायवुडपाठोपाठ काचतंतू आले. काचेच्या बारीक धाग्यांचे कापड साच्यावर पसरून त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतायचे, ते घट्ट झाले की सबंध होडी एकसंध कवचासारखी साच्यातून निघते. अमेरिकेतील ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये अशी छोटी होडी तयार केली होती. एकदा साचा केला की त्यातून शेकडो होड्या काढता येतात. ज्या वस्तूसाठी पूर्वी कुशल सुतार महिनोन् महिने राबत असे, ती आता कारखान्यात दिवसांच्या हिशेबाने होऊ लागली आणि किंमत उतरली.

एक नमुना : कॅटालिना २२

कॅलिफोर्नियात फ्रँक बटलर यांनी १९६९ मध्ये काढलेली 'कॅटालिना २२' ही या घराण्यातील सर्वांत गाजलेली होडी. तिच्या १५,००० हून अधिक प्रती तयार झाल्या. तिची मापे पाहिली की प्रत्येक आकड्यामागे एक कारण दिसते.

लांबी साडेएकवीस फूट. रुंदी ७ फूट ८ इंच. ही रुंदी पाण्याच्या नव्हे, रस्त्याच्या नियमाने ठरली आहे. अमेरिकेत त्या काळी खास परवान्याशिवाय रस्त्यावर नेता येणाऱ्या वाहनाची रुंदी साधारण ८ फुटांपर्यंत असे. वजन सुमारे १,०२० किलोग्रॅम. त्यातील २५० किलोग्रॅम म्हणजे बिडाचा एक कणा, जो एका जाड खिळीभोवती झुलतो. कणा वर असताना होडीला अवघे २ फूट पाणी पुरते. तो खाली सोडला की ५ फूट लागते. आधीच्या होड्यांतली फळी केवळ आडवे सरकणे थांबवी. इथे तीच फळी नीरमही झाली आहे. एका वस्तूने दोन कामे करायची आणि शिवाय रस्त्यावर येताना पोटात दडायचे.

हा कणा उचलायला केबिनमध्ये एक हातरहाट असतो. त्यावर गुंडाळलेल्या तारेने तो वर ओढला जातो. होडी वेगात जाऊ लागली की पाण्यात ताणलेली ही तार गुणगुणू लागते. वाहत्या पाण्यात आडव्या आलेल्या तारेच्या मागे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला भोवरे सुटतात आणि तार थरथरते. कंपनसंख्या काढण्याचा नियम सोपा आहे : वेगाला तारेच्या जाडीने भागा आणि ०.२ ने गुणा. पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर आणि तार ५ मिलिमीटर जाड धरली तर उत्तर येते सुमारे १००. तंबोऱ्याच्या जाड तारेसारखा खर्जातला आवाज! वेग वाढला की सूर चढतो, म्हणून काही खलाशी या गुणगुणण्यावरूनच वेगाचा अंदाज घेतात.

या वेगालाही मर्यादा आहे. चालणारी होडी आपणच उठवलेल्या लाटेत बसलेली असते. लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून होडीची पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे, त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे साधारण कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. कॅटालिना २२ साठी तो ६ नॉटच्या किंचित आत, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. सायकलस्वारही तिला मागे टाकील. पण हीच होडी ट्रेलरवर असताना ताशी ८०–९० किलोमीटरने, तेही थेट वाऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकते, असा विनोद या होड्यांचे मालक नेहमी करतात. विनोदातले तथ्य असे, की दोन दिवसांच्या सुटीत दूरचे पाणी गाठण्याचा खात्रीचा मार्ग रस्त्याचाच आहे.

डोलकाठीच्या बुंध्याशी बिजागरी असते. किनाऱ्यावर पोचल्यावर आडवी काठी दोरीने ओढून उभी करायची. इथे परिबलाचा एक सुरेख धडा आहे. काठी आडवी असते तेव्हा तिच्या वजनाचे परिबल सर्वांत जास्त असते आणि नेमकी तेव्हाच ओढणारी दोरी काठीला जवळजवळ समांतर असल्यामुळे तिचा जोर वाया जातो. उपाय म्हणून बुंध्याशी एक आखूड काठी उभी करतात आणि दोरी तिच्या टोकावरून नेतात. दोरीचा कोन मोठा होतो आणि एकट्या माणसालाही डोलकाठी उभारता येते. मात्र हे करताना आधी वर पाहावे लागते. ॲल्युमिनियमची काठी विजेच्या उघड्या तारांना लागून अनेक माणसे दगावली आहेत. याच कारणाने 'हॉबी' या जोडहोड्यांच्या काठीचे वरचे टोक पुढे वीजरोधक काचतंतूचे करण्यात आले.

झुलत्या कण्यातही धोका आहे. होडी वादळात पार आडवी झाली आणि कणा मोकळा असला तर तो स्वतःच्या वजनाने खाचेत परत पडेल. ज्या क्षणी नीरमाची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ते निघून जाईल. म्हणून कणा खाली सोडल्यावर तो जखडण्यासाठी बोल्ट दिलेला असतो. पण तो आवळला तर तळाशी खडक लागल्यावर कणा दुमडणार नाही. उथळ खाडीत सैल, उघड्या पाण्यात घट्ट, हा निर्णय होडी घेत नाही, माणसाला घ्यावा लागतो.

लोखंडाऐवजी पाणी

२५० किलोग्रॅम लोखंड रस्त्यावरून तरी कशाला ओढायचे? पाण्याशी पोचल्यावर वजन तिथेच फुकट मिळते की! हा विचार छोट्या होडीत मोठ्या प्रमाणावर आणला रॉजर मॅकग्रेगर यांनी. 'रॉब रॉय'वाल्या मॅकग्रेगरशी यांचे फक्त आडनाव सारखे. स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यवस्थापन शिकताना केलेल्या प्रकल्पातून त्यांचा होडीचा व्यवसाय उभा राहिला. १९८६ च्या सुमारास त्यांची २६ फुटी होडी आली. रिकामी असताना तिचे वजन सुमारे ७५० किलोग्रॅम. तळाशी एक सपाट टाकी. होडी पाण्यात उतरवून झडप उघडली की काही मिनिटांत सुमारे ५४५ किलोग्रॅम पाणी आपोआप आत येते. मग झडप बंद. परतताना ट्रेलर उतारावरून वर ओढला की टाकी आपोआप रिकामी होते. मोटारीला ओढावे लागते ते फक्त कवच.

पण पाण्यात ठेवलेल्या पाण्याला वजन कुठे असते, अशी शंका हुशार विद्यार्थी काढतीलच. शंका रास्त आहे. होडी सरळ असताना टाकीतले पाणी भोवतालच्या पाण्याइतकेच जड असते आणि जणू काहीच करीत नाही. होडी कलली की टाकीची वाऱ्याकडची बाजू पाण्याच्या पातळीवर उचलली जाऊ लागते. आता त्या भागातल्या पाण्याला पुरे वजन आहे आणि ते होडीला परत खाली ओढते. लोखंड पाण्याच्या सातपट जड, शिवाय ते खोल टांगता येते. पाणी हलके आणि होडीच्या पोटातच. म्हणून लोखंडाचे काम पाण्याकडून करून घ्यायचे तर ते बरेच जास्त लागते.

आणखी एक अट आहे, आणि ती जिवाची आहे. टाकी पूर्ण भरलेली हवी. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी होडी कलताच कललेल्या बाजूकडे धावते आणि सावरण्याऐवजी तिला आणखी कलवते. आणि टाकी रिकामी असेल तर केबिन, डोलकाठी व वर बसलेली माणसे यांमुळे गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. ४ जुलै २००२ च्या रात्री अमेरिकेतील शॅम्प्लेन सरोवरावर स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी पाहून परतणारी या जातीची एक २६ फुटी होडी उलटली. होडीत दहाहून अधिक माणसे होती आणि पाण्याची टाकी रिकामी होती. केबिनमध्ये अडकून दोन मुलांचा मृत्यू झाला. चालकावर खटला झाला. त्यात त्याच्या मद्यपानाचाही प्रश्न होता. टाकी भरल्याशिवाय माणसांची संख्या मर्यादित ठेवा, अशी सूचना उत्पादकाने दिलेली होती. पण सूचना कागदावर असते आणि गुरुत्वमध्य होडीत.

२००३ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीत पाण्याच्या टाकीखेरीज सुमारे १३५ किलोग्रॅम कायमचे नीरमही घालण्यात आले. ओढायचे वजन थोडे वाढले. माणूस विसरला तरी होडीने थोडेतरी सांभाळून घ्यावे, याची ती किंमत होती. या होड्यांचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले, तरी जुन्या होड्या अनेक देशांत अजून फिरत आहेत.

वर्गात करून पाहा

यासाठी समुद्र लागत नाही. पाण्याने भरलेले एक घमेले आणि घट्ट झाकणाचा, सपाट तळाचा, लांबट प्लॅस्टिकचा डबा पुरे. झाकणाच्या मध्यभागी चिकणमातीच्या गोळ्यात एक काडी उभी करा, ही डोलकाठी. काडीच्या टोकाला मातीची छोटी गोळी लावा. डबा रिकामा असताना पाण्यावर ठेवून बोटाने किंचित कलवा. तो कलंडेल किंवा कलंडण्याच्या बेतात येईल. तसे न झाल्यास वरची गोळी थोडी मोठी करा.

आता प्लॅस्टिकच्या चार-पाच लहान पिशव्यांत पाणी गच्च भरून, हवा न ठेवता गाठी मारा आणि त्या डब्याच्या तळाशी एकमेकींना चिकटून बसवा. पुन्हा कलवा. डबा डोलेल आणि सावरेल. तिसऱ्या वेळी त्याच पिशव्या फोडून तेच पाणी डब्यात मोकळे सोडा. वजन तेवढेच, पाणीही तेच. पण डबा कलवताच ते एका बाजूला धावेल आणि डबा आडवा होईल. वजन असणे आणि ते जागेवर असणे यांतला फरक मुलांना शब्दाविना कळेल.

मग फळ्यावर दोन स्तंभ करावेत : 'पाण्याला काय हवे' आणि 'रस्त्याला काय हवे'. मुलांना दोन्ही बाजू भरू द्याव्यात आणि प्रत्येक विरोधावर माणसाने कोणती युक्ती काढली ते शोधायला लावावे. बाल्सा तराफ्यावरील अनाम नावाड्यापासून कारखान्यात साचे भरणाऱ्या कामगारापर्यंत पुष्कळ नावे-बिननावे त्या यादीत येतील. तिसरा स्तंभ मोकळा ठेवावा. त्यात प्रत्येक युक्तीमुळे होडीवरच्या माणसाने कोणती गोष्ट आठवणीने करायला हवी, ते लिहायचे आहे : बोल्ट आवळणे, वर तारा पाहणे, टाकी भरणे.